जुन्या मालकाने चोरीचा आळ घेतला? आधी काय करायचं, नंतर काय, आणि सही कुठं करायची नाही

नोकरी सोडून महिना-दोन महिने झालेले असतात आणि जुन्या शेठचा फोन येतो, "गोडाऊनला माल कमी भरायलाय, तू जरा येऊन जा." मोंढ्यातला मुनीम असो, मेडिकलवरचा पोरगा असो, पंपावरचा कॅशियर, कृषी सेवा केंद्राचा सेल्समन नाहीतर वाळूजच्या कंपनीतला स्टोअरकीपर, पुढचा क्रम जवळपास सगळ्यांचा सारखाच चुकतो. माणूस घाबरून नाहीतर चिडून एकटाच जातो, तिथं चार जण आधीच बसलेले असतात, हा तोंडी खुलासा करत राहतो, कुणीतरी म्हणतं विषय इथंच मिटवू, आणि एका कागदावर सही होते. वकिलाकडे माणूस त्याच्यानंतर येतो. मी लातूरला वकिलांच्या ऑफिसात टायपिंग आणि फायलींचं काम बघतो, आणि निर्दोष माणसाची फाईल त्या एका कागदाने जड झालेली पुन्हा पुन्हा बघायला मिळते म्हणून हे क्रमाने लिहायलोय.

कलमं १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यांची दिलीत, म्हणजे आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता आणि सीआरपीसीच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. खाली त्यांना न्याय संहिता आणि सुरक्षा संहिता एवढंच म्हणतो.

## १. फोन आला त्या दिवशी

ऐकायचं जास्त, बोलायचं कमी. फोनवर वाद घालू नका, शिव्या देऊ नका, आणि "बघू, काय असेल ते भरून देतो" हे वाक्य चुकूनही तोंडातून काढू नका. मराठवाड्यात हे वाक्य आपण सहज बोलतो, समोरच्याचा राग शांत करायला, पण रेकॉर्डिंगमध्ये तेच कबुलीसारखं ऐकू येतं.

फोनवर एवढंच विचारा: नेमकं काय कमी आहे, किती, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतचं, आणि मोजणी कुणी केली, कधी केली. उत्तर मिळो न मिळो, फोन ठेवल्यावर लगेच व्हॉट्सअॅपवर साध्या भाषेत मेसेज टाका:

"शेठ, तुमचा आत्ता फोन आला होता. माल कमी असल्याचं तुम्ही बोललात. मी काम सोडताना चाव्या आणि रजिस्टर देऊन गेलो आहे. तुमचं काय म्हणणं आहे ते तारीख आणि आकड्यासहित लिहून पाठवा, मी लेखी उत्तर देतो."

ह्या मेसेजने आरोप तुम्हाला कधी कळला आणि तुम्ही पहिल्या दिवशी काय भूमिका घेतली हे दोन्ही लिखित झालं. पुढं कुणी म्हणालं की हा फोन उचलत नव्हता, पळून गेला होता, तर हा मेसेज दाखवता येतो.

थांबा: जुने चॅट डिलीट करू नका, दुकानाचा ग्रुप सोडू नका, मोबाईल बदलू नका, रिसेट मारू नका. घाबरून लोकं पहिलं हेच करतात आणि स्वतःचाच पुरावा पुसून टाकतात, वर पोलिसांना शंका येते ती वेगळीच.

## २. पुढचे दोन दिवस फक्त कागद

शेठला भेटायचं नाही असं नाही, पण कागद हातात आल्याशिवाय भेटायचं नाही. हे गोळा करा:

- राजीनामा आणि त्याची पोच, नाहीतर "उद्यापासून येणार नाही" असा केलेला मेसेज
- नेमणूक पत्र, पगाराच्या स्लिपा, नसतील तर पगार जमा झालेला बँकेचा उतारा
- शेवटच्या हिशोबाचा कागद, उचल फेडल्याची नोंद, असेल तर नो ड्यूज (काही देणं बाकी नाही असा दाखला)
- चाव्या, रजिस्टर, लॅपटॉप, सिम, गाडी कुणाकडे दिली त्याचा फोटो, मेसेज, काहीही
- कामाच्या काळातले शेठचे हुकूम: "अमक्याला दहा कट्टे पाठव", "बिल नंतर करू", "कॅश पोराकडे दे"
- काटा पावत्या, गेटपास, डिलिव्हरी चलन, ह्यातलं जे तुमच्या मोबाईलमध्ये फोटो म्हणून आहे ते

दुकानातून रजिस्टर उचलून आणायच्या भानगडीत पडू नका. तुमच्या ताब्यात जे रीतसर आहे तेवढंच. मालकाचं रजिस्टर न विचारता आणलं तर नसलेल्या चोरीला खरा आधार मिळतो.

मग एक वही घ्या आणि तारीखवार लिहून काढा. कामाला कधी लागलो, चाव्या कुणाकुणाकडे असायच्या, स्टॉक शेवटचा कधी मोजला, त्यावेळी कोण होतं, मी शेवटचं गोडाऊन कधी उघडलं, सोडून गेल्यावर माझ्या जागी कोण आलं. आठवत नसेल तिथं जागा मोकळी सोडा, अंदाजाने भरू नका. ही वही फक्त तुमच्या वकिलासाठी.

इथं यूपीआयचा मुद्दा वेगळा सांगतो कारण सध्या यात लई जण अडकायलेत. दुकानाचा स्कॅनर चालत नव्हता, गिऱ्हाईक घाईत होतं, शेठ म्हणाले तुझ्या नंबरवर घे आणि संध्याकाळी कॅश दे. असं वर्षभर चाललं. आता शेठकडे गिऱ्हाइकाचा स्क्रीनशॉट आहे की पैसे तुमच्या नावावर गेले, आणि तुम्ही कॅश दिली त्याचा कागद नाही. अशा वेळी बँकेतून पूर्ण काळाचा खाते उतारा काढा, दुकानाशी संबंधित प्रत्येक जमेवर खूण करा आणि पुढं ते पैसे कसे परत गेले ते शोधा. एटीएममधून काढलेली रक्कम, शेठच्या खात्यावर ट्रान्सफर, त्यांच्या सांगण्यावरून हमालाला दिलेले, डिझेलला भरलेले. पन्नास नोंदींपैकी चाळीस जुळल्या तरी चित्र एकदम बदलतं. नुसतं "मी सगळे दिले होते" म्हणण्यात आणि जुळवलेला उतारा समोर ठेवण्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सीसीटीव्हीचं लगेच बघा. बऱ्याच दुकानांच्या डीव्हीआरमध्ये काही आठवड्यांचंच फुटेज राहतं, जुनं आपोआप पुसलं जातं. म्हणून लेखी मागणी करा की अमुक तारखांचं फुटेज जपून ठेवा. मागणी करूनही ठेवलं नाही तर त्यांना कोर्टात विचारता येतं.

तपासा: मोबाईलमधल्या चॅटचा, रेकॉर्डिंगचा पुरावा कोर्टात द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. म्हणून ज्या मोबाईलवर मूळ गोष्ट आहे तो विकू नका. स्क्रीनशॉट काढा पण मूळही राहू द्या.

## ३. आरोप नेमका कशाचा आहे ते वेगळं करा

माल कमी भरला की सगळे त्याला चोरी म्हणायला लागतात, पण कमी भरायची कारणं लई असतात आणि ती बहुतेक वेळा धंद्यातच सापडतात. मोंढ्यातलं उदाहरण घ्या. ऑक्टोबरात सोयाबीन आलं, ओलावा १४ टक्के. गोडाऊनला पडून पडून मार्च-एप्रिलपर्यंत १० टक्क्यांवर आलं. १०० क्विंटलचं सरळ गणित मांडा: १४ टक्के ओलाव्याला कोरडा दाणा ८६ क्विंटल, तो १० टक्के ओलाव्याला असेल तर एकूण वजन भरतं साधारण साडेपंच्याण्णव क्विंटल. म्हणजे कुणी हात न लावता जवळपास साडेचार क्विंटल गेलं. ५० किलोच्या कट्ट्यात धरलं तर नऊ कट्ट्यांचं वजन. आडतीवर ह्याला घट म्हणतात आणि प्रत्येक शेठला ती माहीत असते, तरी मुनीम सोडून गेला की तीच घट त्याच्या नावावर लागते.

पण इथं नीट बघा. घटीने वजन कमी होतं, कट्ट्यांची संख्या कमी होत नाही. आरोप "चाळीस कट्टे कमी" असा असेल आणि तुम्ही घटीचं गणित सांगत बसलात तर समोरचा वकील तुम्हाला तिथंच धरणार. म्हणून पहिला प्रश्न, वजन कमी आहे का नग कमी आहेत? वजन कमी असेल तर आल्या दिवशीची आणि आजची ओलाव्याची नोंद, दोन्ही काटे एकच होते का, बारदान वजा केलं का. नग कमी असतील तर शेवटची मोजणी कुणी सही केलेली, त्यानंतर किती गाड्या भरल्या, उधारीवर बिनबिलाचा माल कुणाला गेला.

मेडिकलवर असाल तर एक्स्पायरीचा परत पाठवलेला माल आणि कंपनीकडून न आलेली क्रेडिट नोट बघा. पंपावर असाल तर टाकीची डीप (पट्टीने मोजलेला साठा) आणि मशीनचं टोटलायझर रीडिंग (एकूण किती लिटर गेलं तो आकडा) जुळतं का ते. कंपनीच्या स्टोअरला स्क्रॅप आणि रिजेक्शनच्या नोंदी.

कॉम्प्युटरवरच्या हिशोबाचा आरोप असेल तर लॉगिन कुणाचं होतं ते विचारा. अर्ध्या दुकानांत सगळे एकाच पासवर्डने काम करतात, मग एन्ट्री कुणी खोडली हे कशावरून ठरवणार? नोंदणीकृत कंपनी असेल, म्हणजे प्रायव्हेट लिमिटेड वगैरे, तर १ एप्रिल २०२३ पासून अकाउंटच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणती एन्ट्री कधी बदलली याची नोंद राहणं बंधनकारक आहे. ती नोंद लेखी मागा.

## ४. लेखी उत्तर

आता पत्र. एका पानाचं, फार तर दीडचं. त्यात एवढंच: किती ते किती तारीख कामाला होतो, कोणत्या दिवशी काय काय कुणाकडे दिलं, आरोप कधी कळला, आरोप मला मान्य नाही, आणि मला ह्या ह्या गोष्टी दाखवा: मोजणीचा कागद, स्टॉक रजिस्टरची नक्कल, फुटेज, माझ्यानंतर चाव्या कुणाकडे होत्या त्याचं नाव. शेवटी एक ओळ की दोन्ही बाजूंच्या समोर फेरमोजणी करायला मी तयार आहे.

पत्रात भावना ओतू नका. "तुमच्या घरचं मीठ खाल्लं", "देव बघून घेईल", हे मनात कितीही आलं तरी कागदावर नको. दुसऱ्या कुणाचं नाव घेऊन "त्याने केलं असेल" असंही लिहू नका, पुरावा नसताना तुम्हीच दुसऱ्यावर आळ घेताय असं होतं. आणि खात्री नसलेलं ठाम लिहू नका. "मी कधीच गोडाऊनला एकटा गेलो नाही" असं लिहिलं आणि एका दिवसाचं फुटेज निघालं की सगळं पत्र खोटं ठरतं.

पाठवायच्या आधी वकिलाला दाखवा. पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तालुक्याला समिती असते. महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, कारखान्यातले कामगार, कोठडीत असलेला कोणीही, आणि ठरलेल्या मर्यादेच्या आत उत्पन्न असणारे, ह्यांना तिथं मोफत वकील मिळतो. फोन नंबर १५१००.

पत्र स्पीड पोस्टने पाठवा, रजिस्टर्ड पोस्ट आता स्पीड पोस्टमध्येच विलीन झालंय, त्यामुळं काउंटरवर पोच पाहिजे म्हणून सांगा. पावती, पत्राची सही केलेली झेरॉक्स आणि पोच एकाच फाईलला लावा.

तपासा: पत्रात आकडा, तारीख, नाव ह्यातलं काही अंदाजाने लिहिलंय का? असेल तर काढून टाका.

## ५. मिटवामिटवीची बैठक

इथंच माणूस फसतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

बैठकीला बोलवणं येतं. कधी शेठचा भाऊ, कधी गावचा पुढारी, कधी तुमचाच मामा मध्ये पडतो. चहा येतो. मग म्हणतात, "पोलीस केस झाली तर आयुष्य जाईल, पोरीचं लग्न आहे, तू फक्त एवढं लिहून दे की चूक झाली, आम्ही कागद फाईलला ठेवतो." घरी वडील म्हणतात, बाबा, भर पैसे आणि मोकळं हो, अब्रू गेली तर परत येत नाही. वडिलांचं चुकतंय असं मी म्हणत नाही, ते भीतीपोटी बोलतात. पण पैसे भरून मोकळं होता येत नाही. न केलेल्या चोरीचे पैसे एकदा भरले की पुढं तेच पैसे पुरावा म्हणून उभे राहतात, आणि त्यासाठी म्हैस नाहीतर एकरभर रान गेलेलं असतं ते वेगळं.

कायद्याची बाजू अशी: पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात तुमच्याविरुद्ध चालत नाही, पण शेठला लिहून दिलेला माफीनामा हा पोलिसांसमोरचा कबुलीजबाब नाही. तो पुरावा म्हणून पुढं आणता येतो. म्हणून पोलीस ठाण्यातल्या कागदाला लोकं जेवढं घाबरतात त्याच्या दुप्पट शेठच्या गादीवरच्या कागदाला घाबरलं पाहिजे.

जायचंच असेल तर:

१. एकटं जायचं नाही. बरोबर असा माणूस घ्या जो शांत आहे आणि उद्या साक्ष द्यायला कचरणार नाही.
२. जागा मोकळी, दिवसाची. गोडाऊन नको, मालकाचं घर नको.
३. निघताना घरच्यांना लोकेशन पाठवा.
४. कागदावर सही नाही. माफीनाम्यावर नाही, कोऱ्या बाँडवर नाही, "हजर होतो" एवढंच लिहिलेल्या कागदावरही नाही.
५. कोरा चेक नाही, मूळ कागदपत्रं नाहीत, गाडीची आरसी नाही.

कोऱ्या चेकचं लोकांना कळत नाही. त्यावर मनाला येईल तो आकडा टाकून बँकेत लावला आणि परत आला की चेक बाउन्सची वेगळी केस, चलनक्षम दस्तऐवज कायद्याचं (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्ट) कलम १३८. मालकाची नोटीस आली की पैसे द्यायला १५ दिवस असतात, ती नोटीस "आपला काय संबंध" म्हणून बाजूला ठेवू नका, त्या मुदतीत वकिलामार्फत उत्तर गेलंच पाहिजे. बँकेत स्टॉप पेमेंट केलं म्हणजे सुटलो असंही नाही, तरी केस होते. म्हणून चेक आधीच दिला गेला असेल तर आजच शेठला लेखी कळवा की अमुक नंबरचा चेक कोणत्या परिस्थितीत घेतला गेला, कसलंही देणं नाही, परत करा.

थांबा: दाबून, कोंडून, मारहाणीची धमकी देऊन सही घेतली असेल तर त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या, घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टने पाठवा, संभाजीनगर शहरात असाल तर पोलीस आयुक्तांना. कोंडून ठेवणं हा न्याय संहितेच्या कलम १२७ खाली आणि धमकी देऊन पैसे किंवा सह्या घेणं हा कलम ३०८ खाली गुन्हा आहे. दोन महिन्यांनी सांगितलं तर कोर्ट पहिलं विचारतं, इतके दिवस गप्प का होता?

## ६. पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं, अजून गुन्हा नाही

बहुतेक प्रकरणांत आधी तक्रारी अर्ज असतो आणि बीट अंमलदार फोन करतो, "साहेबांनी बोलावलंय." नम्रपणे विचारा: अर्ज कुणाचा, अर्जाचा नंबर काय, गुन्हा दाखल झालाय का नुसती चौकशी. साहेबांचं नाव, हुद्दा लिहून घ्या. लेखी नोटीस मागा, पण ती मागण्याच्या नावाखाली फोन बंद करून बसू नका, त्याचा उलटा अर्थ निघतो. वकिलाशी बोलून दिवस ठरवा आणि जा.

जाताना तुमचं लेखी म्हणणं दोन प्रतींत न्या. एक आवकला द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. चौथ्या पायरीतलं पत्र, त्याची पोच, जुळवलेला खाते उतारा, ह्यांच्या झेरॉक्स जोडा. मूळ कागद देऊ नका.

अर्जाच्या चौकशीत जबाब लिहून त्यावर सही घेतात. सही करायच्या आधी प्रत्येक ओळ स्वतः वाचा. वाचता येत नसेल तर बरोबरच्या माणसाला मोठ्याने वाचायला सांगा. न बोललेलं वाक्य असेल तर तिथंच दुरुस्त करून घ्या, खाली मोकळी जागा राहिली असेल तर आडवी रेघ मारा. "मालकाचे नुकसान झाले असून मी भरून देण्यास तयार आहे" ही ओळ शेवटी हळूच येते, ती असेल तर सही नाही.

महिलांसाठी: साक्षीदार म्हणून चौकशीला बोलवायचं तर घरी येऊन विचारायला लागतं, सुरक्षा संहितेचं कलम १७९. साठ वर्षांपुढच्या माणसालाही तसंच.

## ७. गुन्हा दाखल झाला तर

पहिलं काम एफआयआरची नक्कल. सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या आदेशाप्रमाणे संवेदनशील गुन्हे सोडले तर एफआयआर वेबसाईटवर टाकावा लागतो, महाराष्ट्र पोलिसांच्या पोर्टलवर जिल्हा आणि ठाणं टाकून शोधता येतो. तो वाचताना तीन गोष्टी बघा: घटनेची तारीख आणि तक्रारीची तारीख यात किती अंतर, मोजणीचा आकडा तुम्हाला आधी सांगितलेल्या आकड्याशी जुळतो का, आणि कलम कोणतं.

न्याय संहितेच्या कलमांचं थोडक्यात. साधी चोरी ३०३, तीन वर्षांपर्यंत. नोकराने मालकाच्या ताब्यातल्या मालाची केलेली चोरी ३०६, सात वर्षांपर्यंत. विश्वासाने सोपवलेल्या पैशाचा-मालाचा नोकराने केलेला अपहार ३१६ चं पोटकलम ४, तेही सात वर्षांपर्यंत. मुनीम, कॅशियर, स्टोअरकीपर यांच्यावर बहुतेक शेवटची दोन लागतात. ही तुमच्यावर लागतात का हे ठरतं तुम्ही त्यावेळी नोकर होता का आणि माल तुमच्या ताब्यात दिला होता का यावर, म्हणून राजीनाम्याची तारीख आणि चाव्या दिल्याचा पुरावा इथं सोन्यासारखा कामी येतो.

सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट अटक करायची नाही, अटक का गरजेची आहे त्याची कारणं नोंदवावी लागतात, हे सुप्रीम कोर्टाने २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात सांगितलंय. अटकेची गरज नसेल तर सुरक्षा संहितेच्या कलम ३५ च्या पोटकलम ३ ची हजर राहण्याची नोटीस देतात. ही नोटीस व्हॉट्सअॅपवर पाठवून चालत नाही असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं, तरी व्हॉट्सअॅपवर आली म्हणून दुर्लक्ष करू नका, वकिलामार्फत लेखी उत्तर द्या. रीतसर नोटीस आली आणि गेलाच नाहीत तर त्याच कारणाने अटक होऊ शकते.

अटकेची भीती खरी वाटत असेल तर अटकपूर्व जामीन, सुरक्षा संहितेचं कलम ४८२. अर्ज सत्र न्यायालयात, तिथं नाही झालं तर हायकोर्टाच्या छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात. मराठवाड्याचे आठही जिल्हे त्याच खंडपीठाखाली येतात. अर्जाला तुमची फाईल लागते, म्हणून पायरी २ आणि ४ आधी. लोकं अटकेच्या धास्तीने रात्री वकील गाठतात आणि हातात एकही कागद नसतो.

अटक झालीच तर घरच्यांनी हे लक्षात ठेवा:

- अटकेची कारणं सांगितली पाहिजेत, लेखी मागा
- घरच्या माणसाला कळवलं पाहिजे
- चौकशीच्या वेळी वकिलाला भेटता येतं, सुरक्षा संहितेचं कलम ३८
- प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढं हजर करावं लागतं
- महिलेला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक नाही, अपवादात्मक परिस्थितीत महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची परवानगी लागते

गुन्हा दाखल झाल्यानंतर तपासात जो जबाब लिहितात त्यावर तुमची सही घ्यायची नसते, सुरक्षा संहितेचं कलम १८१. कोऱ्या पंचनाम्यावर तर नाहीच. "मी लपवलेला माल काढून देतो" अशा मजकुराचा निवेदन पंचनामा हा सगळ्यात घातक कागद, कारण कबुली कोर्टात चालत नसली तरी त्या सांगण्यावरून वस्तू सापडली असं दाखवलं तर तेवढा भाग चालतो. घराची झडती झाली तर त्याच संहितेच्या कलम १०५ प्रमाणे तिचं व्हिडिओ शूटिंग व्हायला पाहिजे, होतंय का ते बघा आणि काय काय नेलं त्याची यादी मागा.

मॅजिस्ट्रेटने विचारलं की पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का, तर मार लागला असेल तर तिथंच सांगा. ती वेळ गेली की नंतर सिद्ध करणं लई अवघड जातं.

## ८. पगार, पीएफ, मूळ कागद

शेठ म्हणतात, केस संपेपर्यंत काही मिळणार नाही. असं नसतं. पगारातून नुकसान कापायचं असेल तरी आधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. अडकलेल्या पगारासाठी कामगार आयुक्तांच्या जिल्हा कार्यालयात अर्ज करा. पीएफ तुमच्या यूएएनवर (पीएफचा तुमचा कायमचा नंबर) आहे, तो मालकाच्या मर्जीवर नाही, सोडल्याची तारीख टाकली नसेल तर पोर्टलवर तक्रार टाका. ग्रॅच्युइटी पाच वर्षं भरली असतील तर मिळते, आणि ती जप्त करता येते ती फक्त नुकसान किंवा गैरकृत्याच्या कारणावरून तुम्हाला कामावरून काढलं असेल तर. तुम्ही राजीनामा देऊन रीतसर गेलात आणि आरोप नंतर आला तर ग्रॅच्युइटी अडवता येत नाही.

दहावीची सनद, टीसी असं मूळ मालकाकडे अडकलं असेल तर चौथ्या पायरीच्या पत्रातच परत मागा. ह्याच्यासाठी वेगळी भेट नको.

## ९. ग्रुपवर फोटो टाकलाय

"हा माणूस चोर आहे, कुणी कामावर ठेवू नका" असं लिहून फोटो व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर फिरवतात. इथं एक फरक लोकं करत नाहीत. पोलिसांकडे चांगल्या हेतूने केलेली तक्रार ही सहसा बदनामी धरत नाहीत, कायद्यातच तसा अपवाद आहे. पण ग्रुपवर, चौकात, लग्नात चोर म्हणणं वेगळं. ते न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली येतं, दोन वर्षांपर्यंत शिक्षा.

त्यासाठी स्क्रीनशॉट असा घ्या की ग्रुपचं नाव, पाठवणाऱ्याचा नंबर आणि तारीख एकत्र दिसेल. ग्रुपमधला एक तरी माणूस साक्षीला लागतो, ज्याच्या मोबाईलवर तो मेसेज आला. तक्रार थेट मॅजिस्ट्रेट कोर्टात करावी लागते. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा करायचा असेल तर मुदत एकच वर्ष आहे, हे चुकवू नका.

ग्रुपवर उत्तर देऊ नका. तिथं तुम्ही लिहिलेलं प्रत्येक वाक्य समोरच्याच्या वकिलाकडे जातं. आणि नव्या ठिकाणी कामाला लागताना मालकाने विचारलं तर लपवू नका, आरोप झाला, मी लेखी उत्तर दिलंय, ही त्याची नक्कल, एवढं सांगा.

## १०. प्रकरण बंद होताना

तपासात काही निघालं नाही तर पोलीस कोर्टात समरी रिपोर्ट देतात. महाराष्ट्रात त्याचे प्रकार आहेत. ए समरी म्हणजे गुन्हा घडला पण आरोपी सापडला नाही किंवा पुरावा नाही. बी समरी म्हणजे तक्रारच खोटी, मुद्दाम केलेली. सी समरी म्हणजे गैरसमजातून झालेली तक्रार किंवा मुळात दिवाणी स्वरूपाचं प्रकरण. तुमच्यासाठी ह्यात मोठा फरक आहे. "केस बंद झाली" एवढ्यावर समाधान मानून घरी बसू नका, कोणती समरी आहे ते विचारा. बी समरी मंजूर झाली तर खोटी माहिती दिल्याबद्दल न्याय संहितेचं कलम २१७ आणि खोटा आरोप केल्याबद्दल कलम २४८ ची कारवाई मागता येते. एफआयआर वाचूनच गुन्हा बनत नाही असं वकिलाला वाटत असेल तर तो रद्द करण्यासाठी सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली खंडपीठात जाता येतं, त्यासाठी समरीची वाट बघायची गरज नाही.

समरी मंजूर झाल्याच्या नाहीतर निर्दोष सुटल्याच्या आदेशाच्या सहीशिक्क्याच्या दोन-तीन नकला नक्कल विभागातून काढा. जप्त मोबाईल, गाडी असेल तर मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज त्याच कोर्टात द्या. त्या नकलांपैकी एक पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या आणि रेकॉर्डला निकालाची नोंद घेतली का ते विचारा, कारण पुढं चारित्र्य पडताळणीचा दाखला, पासपोर्ट, सिक्युरिटीची नोकरी, सगळीकडे तो जुना गुन्हा नंबर निघतो आणि प्रत्येक वेळी दाखवायला तीच नक्कल लागते.